माझा धडधाकट गुडघा

उजनीच्या हॉटेलात चारचौघांसमोर ट्रॅकपँटचा पायचा वर सारून मी माझ्या धडधाकट गुडघ्याला बाम चोळला. याला आता वर्ष होत आलं. गुडघ्याची आग त्याच संध्याकाळी थांबली, पण ती बामाची डबी काही डोक्यातून जात नाही.

कोजागरी नुकतीच होऊन गेली होती. लातूर ते तुळजापूर आणि परत, दीडशे किलोमीटरच्या आसपास, असा आमच्या सायकल ग्रुपचा बेत होता. सात जण, त्यात बाई मी एकटीच. पहाटे साडेचारला गंजगोलाईपाशी जमलो तेव्हा तिथले सोळाच्या सोळा रस्ते रिकामे होते आणि एक कुत्रं आमच्याकडे बघून जांभई देत होतं. औशाला झुंजूमुंजू झालं. रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या राशी, मळणी यंत्राची घशात बसणारी धूळ, पौर्णिमेला चालत गेलेल्यांनी टाकलेले पाण्याचे पाऊच. तिथपर्यंत मी मजेत होते. औसा मागे पडलं आणि बारीक चुरचुर सुरू झाली. आधी वाटलं, कपड्याची शिवण असेल. जरा पुढे सरकून बसले, मग मागे, मग एका कुल्ल्यावर भार देऊन. तुळजापूरला देवळाच्या पायऱ्या उतरताना मी मांड्या एकमेकींपासून लांब ठेवून, बदकासारखी उतरत होते. आईसमोर हात जोडले तेव्हा खरं सांगायचं तर मागणं एकच होतं: परतीचे पंच्याहत्तर किलोमीटर कुणीतरी टेम्पोतून न्यावं.

परतताना उजनीला थांबलो. या रस्त्यानं जाऊन उजनीची बासुंदी न खाता पुढे जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चहा पिऊन परत येणं. सगळे बाकड्यांवर बसले. मी खांबाला टेकून उभी. कढईपाशी बसलेल्या मावशींनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "बसा की मॅडम, उभं राहून कुठं बासुंदी खातेत का?" सहा पुरुषांच्या माना वळल्या. आणि माझ्या तोंडून, मी ठरवायच्या आत, निघून गेलं, "गुडघा दुखतोय जरा."

झालं. मावशींनी गल्ल्यातून बामाची डबी काढून दिली. आमच्या ग्रुपमध्ये एक सर आहेत. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांच्या मुदतीत दोनदा पूर्ण केलेले, सायकलीतलं सगळं कळणारे. त्यांनी विचारलं, "पुढून दुखतो की मागून?" खोटं बोलताना माणूस किती ठाम होतो! "पुढून," मी म्हणाले. "मग सीट खाली आहे तुमची," म्हणत त्यांनी खिशातून एलन की काढली आणि माझी सीट एक सेंटिमीटरभर वर केली. निदान त्यांचं बरोबर होतं. गुडघा पुढून दुखत असेल तर बरेचदा सीटच कमी उंचीची असते. फक्त तो गुडघा माझा नव्हता. उरलेले चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर मी उंचावलेल्या सीटवर पायडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे हलवत काढले आणि प्रत्येक हेलकाव्याला ती चुरचुर किसणीवर धरल्यासारखी होत गेली. वर बामाची आग. एका खोट्याचे दोन दंड मी औसा-लातूर रस्त्यावर रोख भरले.

दुखत होतं ते बूड. हा शब्द लिहायला मला चार परिच्छेद लागले, बघा.

घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करताना किंचाळले. नवऱ्यानं बाहेरून विचारलं, काय झालं? "काही नाही, गुडघा." लग्नाला तेवीस वर्षं झालीत आमच्या. दोन दिवस वर्गात उभं राहून शिकवलं, तासाच्या मध्ये टेबलाला टेकून. भूगोलाच्या बाई उत्साहात आल्यात, असं पोरींना वाटलं असणार.

मग मी विचार करायला लागले की आमच्याकडे बायकांनी बोलायची दुखणी कोणती. गुडघा चालतो. कंबर तर दागिन्यासारखी, प्रत्येकीकडे असतेच. डोकं, टाचा, खांदा, ॲसिडिटी, सगळं हळदी-कुंकवात मोकळेपणी बोलता येतं. पोटाच्या खाली आणि मांडीच्या वर जो प्रदेश आहे, तो नकाशात नाही. तिथं काहीही झालं तरी त्याचं नाव बदलून वर किंवा खाली नोंद करायची. माझ्या एका आत्याला मूळव्याध होती. सगळ्या घरानं तिला पंधरा वर्षं 'उष्णता' म्हटलं. आत्याला उष्णता आहे म्हणून सब्जाचं पाणी, उष्णता आहे म्हणून लग्नात ती मांडवाच्या कडेला उभी, उष्णता आहे म्हणून एसटीनं येणार नाही. शेवटी ऑपरेशन झालं तेव्हा मला कळलं की उष्णतेचं ऑपरेशन होत असतं. पिकअपच्या हौद्यात बसून कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, मोटारसायकलवर एका अंगानं बसून नांदेड-परभणी गाठणाऱ्या बाया, शेंगा फोडत दिवसभर पाटावर बसणाऱ्या बाया. या सगळ्यांचं दुखत कुठं असेल आणि त्या सांगत काय असतील?

पुरुषांचंही फार वेगळं नाही म्हणा. सीटवर नीट बसता येत नाही म्हणून सायकलिंग सोडलेले दोन जण मला माहीत आहेत. दोघंही 'वेळ मिळत नाही' म्हणतात.

मी सोडलं नाही, कारण लॉकडाऊनमध्ये घेतलेली ती सायकल माझ्या आयुष्यातली पहिली अशी वस्तू होती जी घरातल्या कुणाच्याच कामाची नव्हती. मग उपाय सुरू झाले, अर्थात गुपचूप. पहिला उपाय सगळेच करतात तोच: सीटवर जेलचं कव्हर. दुकानातल्या पोरानं 'कुणासाठी' विचारलं, मी 'मिस्टरांसाठी' म्हणाले. लोण्यासारखं मऊ. बोटानं दाबलं की बोट आत. पहिले पंधरा किलोमीटर स्वर्ग, वीसनंतर बधिरपणा, तिसाव्या किलोमीटरला मुंग्या, आणि घरी येईपर्यंत मला तिथं काही आहे की नाही तेच कळेना. त्यावर आणखी जाड कव्हर आणलं. आणखी वाईट.

आणि तेव्हा मला आजीचा आवाज आठवला, बैलगाडीतला. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे गाडीतून शेतात जायचो. डालीत आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे, आणि त्यांच्या आधारानं आम्ही पोरं. गाडीच्या फळ्यांवर कडबा अंथरून वर वाकळ टाकायचे. मी दरवर्षी आणखी कडबा टाका म्हणायची. आजी म्हणायची, "लई मऊ करू नका गं. माणूस रुततंय आन् मग फळी लागती." आम्हाला ते खरं वाटायचं नाही. पण भरगच्च कडबा टाकला की बसल्या बसल्या खड्डा पडायचा, बूड तळाला जायचं, आणि दोन्ही बाजूंनी वर आलेला कडबा नको तिथं टोचायचा. काळ्या रानातली वाट कशी असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. मी वर्गात फळ्यावर 'रेगूर मृदा' लिहिते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते असं शिकवते. तेच फुगणं-आकसणं आमचे आतले डांबरी रस्ते पोटात धरून असतात. दुरून सपाट दिसणारा रस्ता सायकलीवर लाटांसारखा लागतो. ती लाट आधी हाताला कळते, मग बुडाला. डोळ्याला शेवटी.

जेलच्या सीटचंही अगदी आजी म्हणायची तसंच असतं, हे मला नंतर समजलं. ज्यांनी समजावलं त्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण देवाला विनोदबुद्धी आहे याचा तो पुरावा आहे.

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या मोठ्या दिरांची मुलगी दोन वर्षांपूर्वी दिली, ते आमचे जावईबापू फिजिओथेरपिस्ट आहेत. नात्यागोत्यात, ओळखीपाळखीत, या विषयातलं कळणारा दुसरा एक माणूस नाही. मी महिनाभर टाळलं. शेवटी पुतणीला फोन केला, तुझ्या एका मैत्रिणीच्या आईला असं असं होतंय म्हणून. ती म्हणाली, "काकू, माझ्या कुठल्या मैत्रिणीची आई सायकल चालवते?" आणि फोन सरळ त्यांच्या हातात दिला.

"बोला काकू."

मी छताकडं बघत बोलले. ते मात्र हवामानाची बातमी द्यावी तसे बोलत होते. इश्चियल ट्युबरॉसिटी, पेरिनियम, प्युडेंडल नर्व्ह. त्या शब्दांनी माझी निम्मी लाज गेली. परक्या भाषेत अवयव जणू दुसऱ्या कुणाचे होतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपण बसतो ते मांसावर नव्हे, ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर. सीटनं भार त्या दोन हाडांवर घ्यायचा असतो. सीट फार मऊ असली की हाडं आत रुततात, मधला भाग वर येतो आणि हाडांमधल्या नाजूक जागेवर, तिथल्या शिरांवर, मज्जातंतूंवर दाब बसतो. म्हणून बधिरपणा, म्हणून मुंग्या. त्या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, बायकांचं सरासरीनं जास्त. सीट त्यापेक्षा अरुंद असली की हाडं बाहेर लोंबतात आणि भार पुन्हा मध्येच येतो. "तुमचं अंतर किती आहे काकू?" त्यांनी विचारलं. आता हे कुठल्या सासूला माहीत असतं?

मोजायची रीत मात्र भन्नाट निघाली. पंख्याच्या खोक्याचा पन्हाळीचा पुठ्ठा घ्यायचा, तो कडक स्टुलावर ठेवायचा, पातळ कपड्यांवर बसायचं, पाय जरा उंच, आणि पुढं वाकून अर्धा मिनिट थांबायचं. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. मी दुपारी दार लावून हे केलं. पुठ्ठा खिडकीपाशी तिरपा धरला तर खरंच दोन खळगे, वाडग्याचा तळ टेकवल्यासारखे. मधल्यापासून मधल्यापर्यंत पट्टी लावली. १३ सेंटिमीटर. सत्तेचाळीस वर्षं ज्यांवर बसले ती माझी स्वतःची हाडं मी पहिल्यांदा बघत होते. तो पुठ्ठा कितीतरी दिवस टाकवेना. कपाटात साड्यांच्या मागे ठेवला होता. मग नवऱ्याला सापडला. त्यानं विचारलं हे काय आहे, मी खरं सांगितलं. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "माझं पण घे की." त्याचं ११ भरलं. मला उगाचच विजयी वाटलं.

पुढचं भराभर सांगते. सायकलीसोबत आलेली सीट काढली. पुण्याहून १५५ मिलिमीटर रुंदीची, मधोमध खाच असलेली, हाताला चक्क कडक लागणारी सीट मागवली. जेलची दोन्ही कव्हरं काढली, त्यातलं एक आता सासूबाईंच्या देवघरातल्या पाटावर आहे आणि त्यांना ते फार आवडतं. सीटची उंची टाचेनं ठरवली: पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली तर गुडघा सरळ व्हायला हवा, मग पावलाच्या चवड्यानं चालवताना तो आपोआप किंचित वाकलेला राहतो. सरांनी वर केलेला तो सेंटिमीटर पुन्हा खाली आला. सीटचं नाक वर उचललेलं होतं, ते जमिनीशी समांतर केलं. हँडल जरा जवळ घेतलं, कारण ते लांब असल्यानं मी नकळत पुढे सरकून सीटच्या अरुंद नाकावर बसत होते. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहायचं, वीस-पंचवीस फेऱ्या, म्हणजे दाबलेल्या जागी रक्त पुन्हा फिरतं. पहिल्या आठवड्यात कडक सीटनं हाडं दुखली. पण ते दुखणं निराळं, नव्या चपलेसारखं, एका जागी बोट ठेवून दाखवता येणारं. दहा-बारा दिवसांत गेलं.

शॉर्टची गोष्ट मात्र भराभर सांगण्यासारखी नाही. सायकलिंगची पॅडवाली शॉर्ट घ्यायची, आणि तिच्या आत काही घालायचं नाही. ही दुसरी अट जावईबापूंनी मला फोनवर सांगितली नाही. पुतणीकडून निरोप पाठवला. त्यांचीही कुठंतरी हद्द होती तर. आतल्या कपड्याच्या शिवणी हीच खरी कानस असते, तीच तासन् तास घासते, घाम धरते आणि मग पुळ्या येतात, बेंडं होतात. घासणाऱ्या जागी थोडं व्हॅसलीन. हे सगळं पटलं. अंगावर वरून लांब कुर्ता घातला की झालं. प्रश्न वाळत घालण्याचा होता. ती शॉर्ट प्रत्येक राइडनंतर धुवावीच लागते आणि उन्हात कडकडीत वाळवावी लागते. ज्या शहरानं २०१६ साली पिण्याचं पाणी रेल्वेनं आलेलं बघितलंय, तिथं एका शॉर्टसाठी बादलीभर पाणी घेताना हात अजून अडखळतो, ते वेगळंच. पण गच्चीवर तारेवर ती काळी, मध्ये जाड गादी शिवलेली वस्तू लटकली की शेजारच्या तीन गच्च्या बोलायच्या थांबतात. पहिले काही महिने मी ती टॉवेलाखाली वाळवली. टॉवेलाखाली ती वाळेना, कुबट वास यायला लागला, आणि एक पुळी आली. मग टॉवेल काढला. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंच. मी सांगितलं. "म्हणजे आत काहीच नाही?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की कबुतरंसुद्धा जवळ आली असतील ऐकायला. पंधरा दिवसांनी त्याच काकू जिन्यात गाठून म्हणाल्या, आमचे हे दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसतात, त्यांच्यासाठी चालेल का ती?

जानेवारीत शाळेत एक गोष्ट झाली. आमच्या नववीतल्या बऱ्याच मुली मानव विकासच्या सायकलीवर येतात. योजनेतून आलेल्या, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. पोरी मात्र सव्वाचार फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंत. चार-साडेचार किलोमीटरवरच्या वस्तीवरून येणारी एक मुलगी खेळाच्या तासाला बाजूला उभी होती. बाकीच्या ओट्यावर बसलेल्या, ही भिंतीला टेकून.

"काय झालं गं?"

"काही नाही मॅडम. गुडघा दुखायलाय."

मी तिच्याकडं बघितलं, तिनं जमिनीकडं. मी काही विचारलं नाही. शिपाईमामांकडून तेरा नंबरचा पाना मागून आणला आणि सायकलस्टँडवर गेले. तिच्या सीटचं नाक आभाळाकडं बघत होतं आणि सीट तिच्या कंबरेच्याही वर. बहुतेक मोठा भाऊ चालवत असणार. नट गंजलेला होता, पाना दोनदा निसटला, बोटाचं सालटं गेलं. ती मागे येऊन उभी राहिली. मी नट पिळता पिळता, तिच्याकडं न बघता, नाक वर असलं की कुठं टोचतं ते सांगितलं. नाव घेऊन. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाच जणी आपापल्या सायकली घेऊन स्टँडवर उभ्या होत्या, आणि पाना त्यांनीच मागून आणला होता. पाचही जणींचे गुडघे दुखत होते म्हणे.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा तुळजापूरला निघालो. रानात ज्वारी हुरड्याच्या पुढं गेलेली, करडई फुललेली, हवेत थंडीचा शेवटचा काटा. या वेळी पायऱ्या माणसासारख्या उतरले. परतताना उजनी. मी बाकड्यावर बसले, अगदी ऐसपैस, मांडी घालून. मावशींनी ओळखलं. वाटी पुढं ठेवत म्हणाल्या, "आता बरा हाय का गुडघा?"

सर आणि बाकीचे बाहेर सायकलींपाशी होते. मी म्हणाले, "मावशी, त्या दिवशी गुडघा नव्हता."

"ठावं हाय की."

मी वर बघितलं. त्या कढईत उलथनं फिरवत होत्या, कडेची साय खरवडून आत ढकलत. "गुडघा दुखणारं माणूस आधी बूड टेकतंय. उभं कशाला ऱ्हाईल?"

"मग बाम कशाला दिला तुम्ही?"

"एवढे बापे होते की संगं. काय तरी द्यावं लागलं ना." मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, त्या ज्या लोखंडी स्टुलावर पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात त्याच्यावरचं पोत्याचं घडी केलेलं तुकडं थोडं सरकवलं, आणि माझ्याकडं वाकून आवाज खाली आणून विचारलं, "पण मग केलं काय तुम्ही त्याला?"